मिठाच्या घोड्याची कातडी

तीन दिवस ऊन नव्हतं. धुकं पहाटे उतरायचं ते दुपार टळेपर्यंत खिडकीच्या काचेला चिकटून बसायचं. आतल्या दोऱ्यांवर टाकलेल्या चादरी वाळल्यात की नुसत्याच गार पडल्यात, हे गालाला लावल्याशिवाय कळत नव्हतं. लाँड्रीवालीने सकाळपासून बारा चादरी गालाला लावल्या आणि बाराही परत दोरीवर टाकल्या. एका मशीनमध्ये दवाखान्याचे झगे फिरत होते, दुसऱ्यात हॉटेलचे टॉवेल. ड्रायर एकच, आणि त्याच्यापुढे टोपल्यांची रांग लागलेली. हात कामावर होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. दर दोन मिनिटांनी ती खळीच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनपाशी जायची, ओलं बोट कमरेला पुसायची आणि तेच ते परत वाचायची.

"दूध ठेवलंयस का त्यात तापायला?" नवरा गठ्ठे बांधता बांधता म्हणाला. "सारखी डोकावतेयस."

"घुबडाने एक विचारलंय."

"मग सांगून टाक. घरात जेवण खारट झालंय म्हटलं तर मला संदर्भ मागतेस. आता तुझ्यावर आली होय, संदर्भबाई?"

नवऱ्याने गठ्ठे खांद्यावर टाकले, दार पायाने लोटलं आणि तो पोचवायला निघून गेला.

घुबड म्हणजे इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातलं एक टोपणनाव, 'जागं घुबड'. बाई की बुवा, तरुण की म्हातारं, चार वर्षांत तिला कळलेलं नव्हतं. कुणी लेखात काही लिहिलं की घुबड येऊन विचारणार, हे कशावरून? कशावरून ते सांगता आलं नाही तर वाक्य उडालं. सुरुवातीला ती त्याला शिव्या घालायची. पुढे पुढे त्याने काही विचारलं नाही तर तिला चुकल्यासारखं व्हायला लागलं.

लेख होता 'मिठाचा घोडा' या अडतीस वर्षांपूर्वीच्या सिनेमावर. अद्भुत गोष्ट: एक राजकन्या मिठाच्या घोड्यावर बसून निघते, वाटेत नद्या टाळते, दव टाळते, आणि शेवटी ऐन वेशीशी पाऊस गाठतो, घोडा तिच्याखाली विरघळून जातो. ती लेखाकडे वळली तेव्हा लेख पाच ओळींचा होता आणि त्यातल्या दोन चुकीच्या. दोन नट्यांची कुणीतरी एकच नटी करून टाकली होती. तिने ती सोडवली. जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात जाऊन बांधून ठेवलेली जुनी साप्ताहिकं चाळली, शिंकत शिंकत गाण्यांची यादी जुळवली, एक्केचाळीस संदर्भ लावले. आता लेख 'उत्तम लेख' ठरायचा होता. कोपऱ्यात एक चिमुकला तारा लागणार. निकाल आज संध्याकाळी सहाला, आणि घुबडाचा एकच प्रश्न उरलेला:

'कथानकात घोडा पावसात विरघळतो. निर्मितीच्या विभागात घोडा लाकडात कोरलेला आहे. मग पावसात विरघळलं काय?'

चार वर्षं तिने हा लेख इकडून तिकडून विंचरला होता, आणि हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

वाक्य तिच्या वडिलांबद्दलचं होतं. 'हा तेरा फुटी घोडा स्टुडिओतल्या सुताराने एकट्याने लाकडात कोरला', आणि सुताराचं पूर्ण नाव. सिनेमाच्या नामावळीत चहा देणाऱ्याचं नाव आहे, सुताराचं नाही. वडील जाऊन सहा वर्षं झाली. मृत्यूच्या दाखल्यानंतर त्यांचं नाव जगात कुठे लिहिलेलं असेल तर या एका वाक्यात. पुढे सतरा क्रमांकाचा संदर्भ, एका वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी.

त्या सतराची गोम फक्त तिला ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी तिने ते वाक्य संदर्भाशिवायच लिहिलं होतं. घुबडाच्या नजरेतून ते अकरा दिवस सुटलं आणि मग उडालं. महिन्याने पुरवणीत जुन्या सिनेमांवर पान आलं आणि त्यात तेच वाक्य, शब्दाला शब्द, तिचा स्वल्पविरामसुद्धा. तेरा फूट हा आकडा तर तिने मनानेच घातला होता. वडील 'एवढा मोठा' म्हणून हात वर करायचे, त्यावरून. वार्ताहराने त्या अकरा दिवसांतच तिचं वाक्य उचललं होतं. तिने ते कात्रण लावलं आणि वाक्य परत लेखात बसवलं. आपलीच वस्तू आपण परत आणली, त्यात वाईट काय, असं स्वतःला सांगितलं. शिवाय वडील खोटं बोलत नव्हते.

आता मात्र घुबडाला उत्तर द्यायचं होतं. तिने लिहिलं, 'विरघळला तो दुसरा पुतळा असावा.' वाचलं. बरं दिसत होतं. घुबडालाही पटलं असतं कदाचित. तिने ते पुसलं. टॉवेल काढले, ड्रायरमध्ये टाकले, दार लावायचंच विसरली आणि ड्रायर का फिरत नाही म्हणून त्याला दोन चापट्या मारल्या.

दहाला आत्या खाली उतरली. एकोणऐंशी वर्षांची, वरच्याच खोलीत राहणारी. ही लाँड्री तिने आणि लाँड्रीवालीच्या आईने मिळून सुरू केलेली. आई लवकर गेली. आत्या अजून रोज येऊन नॅपकिनच्या घड्या घालते आणि दुसऱ्यांनी घातलेल्या उलगडते.

"दार लाव त्याचं. त्याला काय मारतेस?"

तिने दार लावलं. ड्रायर घरघरायला लागला. मग फोन घेऊन ती आत्यासमोर उभी राहिली. "आत्या, एक वाचून दाखवते. नीट ऐक." आणि वाक्य वाचलं.

आत्याने घडी अर्धीच सोडली. "एकट्याने?"

"हो."

"तुझा बाप एकट्याने स्वेटर काढत नव्हता, डोकं अडकायचं त्याचं." ती हसली आणि मग तिच्या लक्षात आलं की भाची हसत नाहीये. "काय झालं गं?"

"घोडा कुणी केला, आत्या?"

"सांगाडा त्याने. पट्ट्या आणि खिळे. वरची कातडी आम्ही केली. मलमलीचे तुकडे खळीत बुडवून एकावर एक लावायचे, वाळले की पुढचा थर. शेवटाला त्याच्यावर पाणी सोडायचं होतं ना. लाकडावर पाणी सोडून काय होणार? खळीची कातडी भिजली की लोळागोळा होऊन खाली येते. ती कल्पना तुझ्या आईची."

"आईची?"

"मग कुणाची? तुझा बाप मेणाचा करू म्हणत होता. एकोणीस दिवस चाललं, इथेच, या खोलीत. तुझी आई, मी आणि खालच्या आळीतल्या दोघी. खळीने तिच्या बोटांची सालं निघालेली. तुला भरवायची ती डाव्या हाताने. आणि तेरा फूट कुणी मोजला?"

लाँड्रीवालीने वर पाहिलं. छत नऊ फूट. पंखा लावताना नवऱ्याने मोजलं होतं, ती स्टूल धरून खाली उभी होती.

"मग बाबा मला म्हणाले, मी केला."

"तू विचारलं असशील, बाबा, घोडा कुणी केला. पोरगी तोंडाकडे बघतेय म्हटल्यावर 'आम्ही' कोण म्हणतं?" आत्याने घडी पुरी केली. "त्यात खोटं नव्हतं त्याच्या मनात. सांगाडा बरा केला होता त्याने."

"आईने मला कधी सांगितलं नाही."

"तू तिला विचारलंस कुठे?"

ती इस्त्रीच्या रोलरपाशी गेली, परत आली, खिडकी उघडली, धुकं आत येतंय म्हणून लावली.

"घाल की मग तिचं नाव," आत्या म्हणाली. "पुसून नवीन लिही."

"असं नाही घालता येत. छापून आलेलं लागतं."

"मी सांगतेय ना. मी पाहिलंय. मी चारशे तुकडे लावलेत त्या घोड्याला."

"तू चालत नाहीस, आत्या."

"आणि हे चालतं?" आत्याने फोनकडे मान उडवली. "हे तेरा फुटी?"

चाललं होतं, तीन वर्षं. आणि आज एक थाप मारली की पुढेही चाललं असतं, वर तारा लावून. सत्य घातलं तर घुबड उडवणार, खोटं मात्र सतरा नंबरचा बिल्ला लावून बसलेलं. ती तशीच उभी राहिली. झग्यांचं मशीन थांबलं, त्याने तीनदा शिट्टी दिली, तरी ती हलली नाही. हे वाक्य काढलं की वडील उरत नव्हते. आई तर आलीच नव्हती.

मग तिने लिहिलं. दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा सरळ लिहिलं: 'संदर्भ १७ बाद धरावा. ती बातमी माझ्याच जुन्या वाक्यावरून उचललेली आहे, आणि मला ते माहीत होतं. तेरा फूट हा माझा अंदाज. सुतार माझे वडील. घोडा एकट्याने केलेला नव्हता आणि लाकडात कोरलेलाही नव्हता. वाक्य काढत आहे.'

आणि काढलं. एक वाक्य गेलं तर लेख किती मोकळा दिसावा. खालचे आकडे आपोआप सरकले, अठराचा सतरा झाला.

दुपारी नवरा गठ्ठे पोचवून आला. तिने सगळं सांगितलं. तो टोपलीवर बसला. "म्हणजे तारा नाही?"

"नाही बहुतेक."

"वाचनालयातून शिंकत येऊन चार वर्षं माझी दुपारची झोप मोडलीस तू."

"हो."

मग उठून त्याने एक चादर गालाला लावली. "ही वाळलीय," म्हणाला, आणि तिची दोन टोकं तिच्या हातात दिली. दोघांनी मिळून घडी घातली.

सहाला पाच मिनिटं होती तेव्हा घुबडाचं उत्तर आलं. 'मूल्यमापन थांबवावं लागत आहे. उरलेले चाळीसही संदर्भ पहिल्यापासून तपासावे लागतील, त्याला वेळ लागेल. सांगितलंत ते बरं झालं.' आणि खाली सुटी एक ओळ: 'घोडा खरा कुणी केला, हे कळलं आहे का?'

घुबडाने संदर्भाशिवायचं काही विचारल्याची ही पहिलीच वेळ. तिने लिहिलं, 'कळलं आहे. छापलेलं नाही.' थोडं थांबून आणखी लिहिलं, 'त्यांच्यातली एक माझ्या समोर बसली आहे. ऐंशीला आली.'

"काय म्हणतंय तुझं घुबड?" आत्याने विचारलं.

"तुझ्याबद्दल विचारतंय."

"सांग त्याला, ये म्हणावं. पण सकाळी ये, दुपारी मी झोपते."

फोन पुन्हा थरथरला. तिने तो पालथा ठेवला. हॉटेलचे साठ टेबलक्लॉथ सकाळी सातला द्यायचे होते आणि एकालाही अजून खळ लागलेली नव्हती. तिने डब्याचं झाकण काढलं, बादलीत पूड ओतली, वरून गरम पाणी सोडलं आणि कोपरापर्यंत हात घालून गुठळ्या मोडायला लागली.

"पातळ झालीय," आत्या लांबूनच म्हणाली.

"टेबलक्लॉथ आहेत, आत्या, घोडा नाही."

"तरी पातळ झालीय."

तिने आणखी दोन मुठी टाकल्या.