बटणावरची खडूची रेघ

अण्णा गेल्याची बातमी विद्याला मला तीनदा सांगावी लागली. विद्या म्हणजे अण्णांची सून. सकाळी दहाची वेळ होती. नात नुकतीच माझ्या डाव्या खांद्यावर झोपली होती, म्हणून फोन उजव्या कानाला लावला. पलीकडून नुसती कुजबुज ऐकू आली. "मोठ्यानं बोल की गं, लाइन खराब आहे," मी तिच्यावरच खेकसलो. तिसऱ्या वेळी ती बिचारी रडत ओरडली, "काका, मामा गेले हो!" सासऱ्यांना ती मामा म्हणते. दुकानाचं शटर वर करून, देवाला उदबत्ती लावून अण्णा गादीवर बसले आणि बसल्या जागी कलंडले... मरणाची बातमी मी त्या पोरीला ओरडून सांगायला लावली. महिना उलटला तरी ते मनातून जात नाही. आणखीही एक गोष्ट जात नाही. दोन-अडीच वर्षांपूर्वी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मी अण्णांना एक वाक्य बोललो होतो. वरवर सगळं मिटलं, पण आतून त्यांनी मला माफ केलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

अण्णा हुबळीच्या बाजारातले कापडाचे व्यापारी. आजोबा मिरजेकडून खण आणि इरकली लुगडी विकायला आले आणि इथलेच होऊन गेले. मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर. आमची ओळख झाली ती भांडणातून. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बाजारामागच्या गल्लीत व्हिडिओ कॅसेट भाड्यानं देणारं एक दुकान होतं. मी तिथं एका हिंदी सिनेमाची कॅसेट परत करताना हुज्जत घालत होतो, की गाण्यात आवाज लडखडतो. मागून पांढऱ्या सदऱ्यातला एक गृहस्थ म्हणाला, "आवाजाचं राहू दे हो. हीच कॅसेट मी परवा नेली होती. हिरॉइनची साडी डाळिंबी आहे आणि ह्यात विटकरी दिसायलीय. ते आधी बोला." मग आम्ही दोघं मिळून दुकानदाराला पकडलं. तो वैतागून हात जोडत म्हणाला, "इब्बरू कूडे नोड्रि!" म्हणजे दोघं मिळूनच बघा आणि माझं डोकं सोडा. आम्ही ते शब्दशः मनावर घेतलं. त्या रविवारी दुपारी मी अण्णांच्या घरी गेलो, आणि पुढची सतरा-अठरा वर्षं जातच राहिलो.

रविवारी चार वाजता, चहा आणि चुरमुऱ्यांच्या गिरमिटाच्या ताटलीबरोबर, आमचं कोर्ट भरायचं. चित्राचा निकाल अण्णांनी द्यायचा, आवाजाचा मी. अण्णांना सिनेमाची गोष्ट शेवटपर्यंत नीट सांगता यायची नाही, पण कुठल्या गाण्यात कुठलं कापड होतं ते वर्षानुवर्षं लक्षात. त्यांची कसोटी म्हणजे धूपछाव. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, असं ते कापड. बाई वळली की त्याचा रंग बदलायला हवा. "वळली बघ... बदलला?" अण्णा पुढं सरकून विचारायचे. बदलला तर 'पक्का रंग', नाही तर 'कच्चा'. माझी कसोटी कारखान्यातली. गाडीच्या चाकावर हातोडी मारली की धड चाक खणखणीत वाजतं आणि तडा गेलेलं बद्द. सिनेमात मी बांगड्या ऐकायचो, पत्र्यावरचा पाऊस ऐकायचो, आणि कुणी बोलत नसताना खोलीचा जो आवाज असतो तो ऐकायचो. निकाल अण्णा त्यांच्या दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'रंग पक्का, आवाज बद्द', आणि ती सिनेमाच्या डब्यात सरकवायचे. माझ्या निकालात त्यांनी कधी ढवळाढवळ केली नाही. मी मात्र त्यांच्या निकालात नाक खुपसायचो, तो माझा स्वभावच.

कॅसेट गेल्या, व्हीसीडी आल्या. त्यांतलं चौकोन-चौकोन फुटणारं चित्र बघून अण्णा म्हणाले होते, "हे चौकड्याचं कापड कुणी विणलं रे?" मग डीव्हीडी आल्या आणि अण्णा पाच-सहा वर्षं खूश होते. ते घर बदलून उणकलला राहायला गेले. मीही निवृत्त होऊन रायापूरला आलो होतो, सिटी बसनं चार स्टॉप. आणि मग हळूहळू अण्णांचे सगळे निकाल एकाच रंगाचे यायला लागले. "पिवळं मारलंय," ते म्हणायचे. आणलेली नवी डिस्क पिवळी, जुनी पिवळी, दुसऱ्या कंपनीची मागवली तर तीही पिवळी. डिस्कच्या दुकानदाराशी त्यांनी बोलणं टाकलं. मला तर पांढरं पांढरंच दिसत होतं. मी एकदा-दोनदा म्हटलं, तर, "तू आवाजाचं बघ," असं म्हणून मला गप्प केलं.

एका संध्याकाळी मी दुकानात त्यांना बोलवायला गेलो होतो. एक बाई मुलीच्या लग्नासाठी निळ्या साडीवर खण बघत होती. अण्णांनी वरच्या फळीवरून गडद निळा समजून एक खण काढला, फर्रकन उलगडला आणि म्हणाले, "हा घ्या, साडीच्या काठाला अगदी जुळतो." खण काळा होता, कुळकुळीत. लग्नाच्या साडीवर काळा खण! बाईचा चेहरा पडला, नोकर एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या जिभेला हाड नाही. मी जोरात बोलून गेलो, "अण्णा, काय करायलाय? काळा आहे तो, काळा! पिवळं त्या डिस्कमध्ये नाही, तुमच्या डोळ्यांत आहे!" ज्या माणसाचं सगळं आयुष्य रंग ओळखण्यावर चाललं, त्याला मी त्याच्याच गादीवर, त्याच्याच नोकरांसमोर आंधळा ठरवला होता. अण्णांनी खणाची घडी केली. काठावर काठ बरोबर आणून केली, आणि म्हणाले, "साकू." एवढंच. पुरे.

तीन रविवार मी गेलो नाही. चौथ्या रविवारी अण्णांचाच फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मला न कळवता. "ये की रे फिटर, गिरमिट केलंय." मी गेलो तर समोर डीव्हीडींचा ढीग. पिवळ्या ठरवलेल्या सगळ्या डिस्क त्यांना पुन्हा बघायच्या होत्या. एकेक बघून त्यांनी जुना निकाल खोडला आणि खाली लिहिलं, 'रंग पक्का. चूक माझी.' ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्या दुकानदाराला ते पेढ्यांचा पुडा देऊन आले. मला मात्र त्या वाक्याबद्दल एका शब्दानं बोलले नाहीत, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. मलाही विषय काढायचा धीर झाला नाही. त्याच फेरतपासणीत मी आवाजाच्या चुका काढत होतो. उजव्या बाजूला काहीच नाही, सगळं डावीकडेच भरलंय, बद्द आहे. अण्णा म्हणाले, "अरे, ह्याच डिस्कच्या चिठ्ठीवर तुझंच खणखणीत आहे की." मी ठणकावून सांगितलं, की डिस्क शिळ्या होतात, कडेनं आवाज उडतो. अण्णा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. नव्या डोळ्यांचं कौतुक असेल, असं मला वाटलं.

त्याच सुमारास मुलानं त्यांना मोठा टीव्ही, ब्लू-रेचं यंत्र आणि दोन उंच स्पीकर आणून दिले. ब्लू-रे बघून अण्णा लहान मूल झाले. उठून पडद्याला नाक लावायचे आणि जरीचे धागे मोजायचे. पण भुलणारे नव्हते. एका जुन्या सिनेमाची ब्लू-रे आली, सगळ्यांचे चेहरे गुळगुळीत आणि झगमगीत. मी म्हटलं, वा! अण्णा म्हणाले, "वा काय? इस्त्री जास्त झालीय, वीणच जळाली. हा माणूस नव्हे, आमच्या शोकेसमधली बाहुली आहे बघ." जुन्या फिल्मला बारीक रवाळ पोत असतो, तो त्यांच्या मते कापडाची वीण होती. कंपनीवाले डाग काढायला जातात आणि वीणही पुसून टाकतात. "धुतलेलं कापड चालतं रे. घासून घासून विरलेलं कसं चालेल?" ब्लू-रे पारखायची ही रीत मी पुढं कुठंही ऐकली नाही.

आणि आवाज! पहिल्याच ब्लू-रेला माझी उजवी बाजू परत आली. बांगड्या, पाऊस, उजव्या दारानं आत येणारी पावलं, सगळं जागच्या जागी. मी तर उभाच राहिलो. "अण्णा, याला म्हणतात यंत्र! डीव्हीडीवाल्यांनी आपल्याला फसवलं!" त्यानंतर जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर मी 'आवाज खणखणीत' लिहायला लावलं. अण्णा मान खाली घालून लिहायचे. फक्त एक बदल झाला होता. इतकी वर्षं ते माझ्या उजवीकडे बसायचे, ते आता डावीकडच्या खुर्चीत बसायला लागले. म्हणाले, "ऑपरेशननंतर खिडकीचा उजेड सोसत नाही." आवाजाच्या यंत्रावर एका बटणाशेजारी कापडावर खुणा करायच्या पांढऱ्या खडूची एक रेघ होती. नातवाचा उद्योग असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

अण्णांचे दिवसवार झाले, पाहुणे गेले. मग एका रविवारी विद्यानं बोलावलं. "चार वाजले की घर खायला उठतंय काका. एखादा पिच्चर बघू या." मी माझ्या खुर्चीत बसलो, डावीकडची रिकामी. तिनं आम्ही दोघांनी पक्का आणि खणखणीत ठरवलेली ब्लू-रे लावली. दहा मिनिटं मी कसाबसा बसलो, मग राहवेना. "विद्या, उजवा स्पीकर गेलाय गं. आवाज एकाच बाजूनं येतोय." ती उठली, यंत्राजवळ गेली आणि ते बटण मधून फिरवत फिरवत खडूच्या रेघेवर आणलं. उजवीकडून बांगड्या वाजल्या. "हां! काय केलंस?" मी विचारलं. ती तिथंच जमिनीवर बसली, माझ्या डाव्या अंगाला, आणि पदराशी चाळा करत बोलायला लागली.

"मुलं बघतात म्हणून ह्यांनी बटण मध्ये आणून ठेवलं होतं काका, मी विसरले. मामा तुम्ही यायच्या आधी दर रविवारी ते रेघेवर फिरवून उजव्या स्पीकरचा आवाज वाढवायचे आणि तुम्ही गेलात की परत मध्ये आणायचे. तुमचा उजवा कान गेलाय, हे त्यांनी त्या डीव्हीडी परत बघताना ओळखलं होतं. मी म्हटलं, सांगा की त्यांना. तर म्हणाले, 'माझ्या डोळ्यांना ऑपरेशन होतं. फिटरनं चारचौघांत तोंडावर सांगितलं म्हणून मी दवाखान्यात गेलो, नाही तर आंधळा होऊन बसलो असतो. त्याचे उपकार आहेत माझ्यावर. पण कारखान्यानं खाल्लेला कान परत येत नाही, डॉक्टरला विचारून आलोय मी. जे बरं होणार नाही ते सांगून काय करायचं? बटण फिरवलं की झालं.'"

खोटं कशाला बोलू, आधी मला रागच आला. चाकातला तडा आवाजावरून ओळखणारा मी, आणि माझ्याच कानातला तडा मला कळला नाही! शिवाय दोघांनी मिळून मला गंडवलं! मग लक्षात आलं, की त्या सकाळी उजव्या कानाला लावलेला फोन खराब नव्हता, लाइन खराब नव्हती... आणि मग हेही लक्षात आलं, की साडीचा काठ बोटभर सरकला तर ज्यांना चैन पडत नसे, त्या अण्णांनी माझ्यासाठी दोन वर्षं प्रत्येक सिनेमा एका बाजूला कललेल्या आवाजात बघितला. धड कानांना ते किती टोचत असेल! मी विद्यासमोर रडलो. लाज वाटली नाही.

अण्णांनी आपल्या चुका खोडून दुरुस्त केल्या होत्या, तर आपणही कराव्यात, म्हणून मी पेन्सिल मागितली आणि ब्लू-रेचे डबे काढले. पहिली चिठ्ठी उघडली. अण्णांचं अक्षर, 'रंग पक्का, आवाज खणखणीत'. लिहिताना त्यांना सगळं माहीत होतं. सगळ्या आयुष्यात या माणसानं कच्चा रंग पक्का म्हणून कुणाच्या गळ्यात मारला नाही. मारला तो फक्त माझ्या, दर रविवारी, आपल्या हातानं लिहून. मी ती चिठ्ठी तशीच परत डब्यात ठेवली.

रविवारी मी अजून जातो. मला आता सगळं ठाऊक आहे, हे विद्याला ठाऊक आहे. तरी मी दारात चपला काढून, खोकून आत येईपर्यंत बटण रेघेवर आलेलं असतं. खडू हात लागून लागून पुसत चालला होता. परवा बघितलं, तर रेघ पुन्हा पांढरीशुभ्र, नव्यानं ओढलेली. मी माझ्या खुर्चीत जाऊन बसलो.