नारिंगी दिव्याची तार

शनिवार, दुपारचे तीन. हजर: मी आणि कॉलेजचं नेटवर्क सांभाळणारे साळुंके. काम: ऑफिसातल्या निकामी तारा काढणे.

स्विचमधून, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या तारा जिथे जोडतात त्या डब्यातून, ग्रंथालयाकडे दोन तारा जात होत्या. एकीचा दिवा हिरवा लुकलुकत होता, दुसरीचा नुसताच नारिंगी. यादीत मी दुसरीवर फुली मारली.

"मॅडम, थांबा! ती निकामी नाही, राखीव आहे," साळुंके म्हणाले. "दोन्ही एकदम चालवल्या, तर तेच ते निरोप गोल गोल फिरतात आणि सगळं ठप्प होतं. म्हणून स्विच एकीला गप्प बसवतो."

त्यांनी चालू तार उपटली. बघता बघता नारिंगी दिवा हिरवा झाला. मी ग्रंथालयात फोन केला. "इथं काय व्हायचंय? चाललंय की सगळं," तिथल्या बाई म्हणाल्या.

मला माझ्या मोठ्या नणंद आठवल्या, मंगलवन्सं. माझ्या ऑपरेशनच्या वेळी न बोलावता आल्या, महिनाभर घर चालवलं आणि मी हिंडूफिरू लागताच पिशवी भरून परत गेल्या. परवा फोनवर त्यांनी विचारलं, "शोभा, लेकीच्या लग्नात मला काय काम देतेस?" माझी कामं वाटून झाली होती. "तुम्ही नुसत्या येऊन बसा," मी म्हणाले. मला वाटलं, हा मान झाला. त्या "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

तारेला गप्प बसण्याचं काही वाटत नसेल. माणसाला वाटतं.

लग्नाची यादी पुन्हा काढली आहे. वन्संवाचून खरोखर अडेल असं एक काम शोधायचं आहे. ते अजून सापडलेलं नाही.