ईव्हन

“ते कोकरू जरा चेहऱ्याजवळ धर,” सर म्हणाले. मी धरलं.

बारावीचा निकाल लागला होता. इंग्रजीत मी अख्ख्या क्लासमध्ये पहिली. वडवणीच्या चौकात क्लासचा फ्लेक्स लागणार, त्यावर माझा फोटो. माझे आबा मेंढरं राखतात. येताना एक कोकरू आणि घोंगडी घेऊन या, असा सरांचा निरोप होता. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, कोकरू पोटाशी धरून आबा आले. अंगात इस्त्रीचा सदरा. माझ्या नव्या ड्रेसवर सरांनी घोंगडी टाकली.

फ्लेक्सचा नमुना त्यांच्या मोबाईलवर तयार होता. डावीकडे एका बागायतदाराचा मुलगा, इंग्रजीत दुसरा आलेला. कोट, टाय, नाव, मार्क. उजवीकडची जागा माझी. त्या जागेवर लाल अक्षरांत इंग्रजी ओळ: ‘ईव्हन अ शेफर्ड्स डॉटर!’

ईव्हन. हा शब्द सरांनीच शिकवला होता. ज्याच्याकडून कुणाला काही अपेक्षा नसते, त्याच्या आधी तो लावायचा. उदाहरण द्यायला त्यांनी वर्गभर नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. “ईव्हन शी कॅन स्पीक इंग्लिश.” सगळे हसले होते.

“काय लिव्हलंय गं?” आबांनी विचारलं. चेहरा फुललेला. खोटं सांगणं सोपं होतं.

“मेंढक्याची पोरगीसुदिक, आसं लिव्हलंय आबा.”

ते मोबाईलकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “सुदिक कावून?”

माझ्या अंगाची आग झाली.

“सर, त्या बागायतदाराच्या पोराच्या हातात ट्रॅक्टरचं स्टेरिंग न्हाई दिलं. मला कोकरू कावून?”

“अगं, कौतुकच आहे हे. लोकांना प्रेरणा मिळते.”

“मार्क मला पडलेत सर. कोकराला न्हाई.”

घोंगडी काढली. कोकरू आबांकडे दिलं. फोटो काढू दिला नाही. “उपकाराची जाण नाही या लोकांना,” सर मागून म्हणाले. या लोकांना.

चौकात लेकीचा फोटो बघायची आबांना लई हौस होती. ते मला अजून सलतं.

फ्लेक्स लागला. माझ्या जागी सरांचा फोटो.

आता मी इंग्रजीच घेऊन बीए करतेय. मास्तरीण होणार. तो शब्द मीही शिकवीन, पण उदाहरणाला कुणाचं लेकरू उभं करणार नाही. आणि माझ्या नावाआधी तो कुणी लावला, तर भर सभेत उठून सांगेन. आधी तो शब्द पुसा. मग माझं नाव घ्या.