पिंपकाकांचं पाणी

प्रिय ईरा आणि नील,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या ओट्याशेजारी ते निळं पिंप कशाला?" लिहून सांगते म्हटलं होतं. काल त्यातली वाळू बदलली, तेव्हा आता टाळाटाळ नको.

इथे नेदरलँड्समध्ये, न्यूनेन गावातले आमचे पिंपकाका पाहुण्यांना नाल्याचं पाणी पाजायचे. घरामागच्या नाल्याचं, ज्यात बदकं पोहायची. खडी, वाळू आणि कोळसा भरलेल्या निळ्या पिंपातून ते गाळायचे, वर जंतू मारणाऱ्या दिव्याखालून सोडायचे आणि भांडं पुढे करून म्हणायचे, "आधी पाणी प्या, मग बोला." प्रयोगशाळेने दिलेला 'पिण्यायोग्य' असा दाखला त्यांनी फ्रेम करून गणपतीशेजारी टांगला होता. येणारा प्रत्येक जण गणपतीला नमस्कार करायचा, दाखला वाचायचा आणि म्हणायचा, "आत्ताच पिऊन आलो."

काकू करवादायच्या, "यांच्यापायी माझ्याकडे भिशी होत नाही. बायका थर्मास घेऊन येतात!"

मला 'नको' म्हणणं जमेना. मी भांडं घ्यायचे आणि काका वळले की खिडकीतल्या तुळशीत ओतायचे. दोन वर्षं. इथल्या हिवाळ्यात कोणाची तुळस जगत नाही. काकांची पडद्याच्या दांडीला टेकली. "देवाची कृपा, वहिनी," ते म्हणायचे.

पिंप होतं एका दूरच्या बेटासाठी. काकांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांना लूसी नावाची नर्स भेटली. राहायची अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात, पण मूळची त्या बेटावरची. तिथल्या विहिरी खाऱ्या झालेल्या. लोक छपरावरून पावसाचं पाणी साठवत; त्यात पालापाचोळा, अळ्या. पोरं सारखी आजारी. गावी जाताना पिंप न्यायचं की नाही, हे ती बघून ठरवणार होती.

"नुसतं पाणी कसं पाठवायचं? खायलाही देऊ," असं आमच्या मराठी मंडळाने ठरवलं. तीन रविवार बैठका झाल्या. साबुदाणा की वरई, यावर दोन गट पडले. शेवटी एकमत झालं ते चाळीस बरण्या लिंबाच्या लोणच्यावर.

लूसी काकांकडे आली, तेव्हा सगळं मंडळ तिथे जमलं होतं. तिने लोणचं चाखलं. "केवढं मीठ!"

"टिकायला हवं ना," काकू म्हणाल्या.

"आमच्याकडे विहिरीसुद्धा खाऱ्या आहेत, बाई. यावर प्यायला पाणी कुठून आणू? तांदूळ, डाळ, तेल द्या."

चाळीस बरण्यांपूर्वी हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मग ती पिंपाकडे वळली. "यंत्रं खूप आली. आणणारे स्वतः बाटलीतलं पाणी प्यायचे. गावाने ते पाहिलं. आता त्या यंत्रांत कोंबड्या अंडी घालतात. मला एवढंच सांगा, हे पाणी इथे कोण पितं?"

"सगळे!" काका खुलले. "या वहिनी तर दोन वर्षं पितायत. विचारा त्यांना."

सगळे माझ्याकडे बघू लागले. एक 'हो' म्हटलं असतं तर पिंप गेलं असतं. पण लूसीच्या डोळ्यांत बघून ते जमेना.

"मी नाही," मी म्हटलं. "तुळस पिते."

"तरीच!" काकू म्हणाल्या. काकांचा चेहरा बघवेना. मी भांडं उचललं, घटाघटा प्यायले आणि आणखी मागितलं. मग थर्मासवाल्या बायकाही रांगेत आल्या.

लूसी संध्याकाळपर्यंत माझी नाडी धरून बसली. अधूनमधून उठून तुळस तपासत होती. शेवटी म्हणाली, "दोघी ठणठणीत आहेत. पिंप बांधा."

बांधताना काका हळूच म्हणाले, "वहिनी, आधी सांगायचं की हो. शेजारी मोगराही लावला असता!" महिन्याभरात त्यांनी माझ्यासाठी दुसरं पिंप भरून आणलं.

काका गेल्या वर्षी गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढे काकूंनी तेच पाणी ठेवलं. एकही जण पिऊन आला नव्हता.

लोणच्याच्या अकरा बरण्या अजून शिल्लक आहेत. तुळस आहे. आणि बेटावरच्या शाळेत काकांचं पिंप चालू आहे. मुलं त्याचं पाणी पितात.

तुमची आजी