दोन किलो शिल्लक

वेंगुर्ल्यापासून तळेऱ्यापर्यंत लोखंडाचा इतका राग धरणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. माझ्या बायकोचे मामा घराच्या पडवीत गणपतीची शाळा चालवतात. दरवर्षी बत्तीस मूर्ती. मूर्ती बसवायला तेहतिसावा पाट कुणी आणला तर परत पाठवतात. घर समुद्रापासून दीडशे पावलांवर. खाऱ्या वाऱ्याने त्यांच्या तीन सायकली, दोन फाटकं आणि झोपाळ्याची एक कडी खाल्ली. कडी तुटली तेव्हा मामा झोपाळ्यावर होते. त्या दिवसापासून त्यांनी प्लास्टिकच्या पाइपाशी सोयरीक केली. आंबे काढायची काठी पाइपाची, मच्छरदाणीचा सांगाडा पाइपाचा. एका चतुर्थीला तर गणपतीवरची माटवीही त्यांनी पाइपाची बांधली. तिला नारळ, कवंडळं, आंब्याचे टाळे लटकवल्यावर ती हळूहळू वाकत गेली आणि आरती संपेपर्यंत देवाच्या मुकुटाला टेकली. मामी म्हणाल्या, "ह्यांनी देवाकय टोपी घातली." मामांचं म्हणणं एवढंच, की वाकली, पण गंजली नाही.

पुढे रंग फवारायला कॉम्प्रेसर आला. त्याचा आवाज मामींना सोसेना, म्हणून तो मागच्या खोपीत गेला आणि तिथून पडवीपर्यंत चाळीस फूट हवा आणायची वेळ आली. लोखंडी पाइपाचं नाव काढताच मामा जेवणावरून उठले. मग मला विचारलं. मी शाळेत गणित शिकवतो आणि आकडा पाहिल्याशिवाय मत देत नाही. प्लास्टिकच्या पाइपावर दहा किलो दाब छापला होता. कॉम्प्रेसर आठ किलोला आपोआप बंद होत होता. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणालो, "दोन किलो शिल्लक राहतात. घाला." मामांनी ते खडूने भिंतीवर लिहून ठेवलं. पाट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवत आणि हे आमच्या जावयांचं गणित, असं सांगत.

दोन वर्षं काही झालं नाही. तिसऱ्या श्रावणात, मामा फवारत असताना, पाइप गरनाळासारखा फुटला. काचेसारखा एक तुकडा त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडात घुसला. शीर तुटली. अंगठा आता वळायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तो दहाचा आकडा थंड पाण्यासाठी असतो, हे मी नंतर वाचलं. पाण्याचा पाइप फुटला तर पाणी सांडतं. दाबून भरलेली हवा स्प्रिंगसारखी सुटते आणि तुकडे फेकते. शिवाय पत्र्याखालच्या दोन वर्षांच्या उष्णतेने पाइप ठिसूळ झाला होता. हे पाइपावर छापलेलं नव्हतं, आणि छापलेल्यापलीकडचं मी कुणाला विचारलं नव्हतं.

दवाखान्यात मी म्हणालो, "मामा, चूक माझी."

"तुमचो हिशोब बरोबरच होतो, जावयबापू," ते म्हणाले. "त्या पाइपाक वाचूक येणा नाय."

मूर्तींचे डोळे आखायचे राहिले होते. ते काम मामांनी उभ्या जन्मात दुसऱ्याला दिलं नव्हतं. त्या वर्षी एकतीस मूर्ती शेजारगावच्या चित्रकाराने आखल्या. बत्तिसावी, आमच्या घरची, मामांनी डाव्या हाताने आखली. "जावयाचो गणपती," म्हणाले. "चुकलंय तर घरातल्या घरात." उजवा डोळा दीड सूत वर गेला होता. मी मोजला होता. आरतीत मला त्या डोळ्यांकडे बघवलं नाही.

आता पडवीत लोखंडी पाइप आहे. दर मे महिन्यात मी त्याला गंजरोधक रंग लावतो. मामा खुर्चीवर बसून राहिलेल्या जागा दाखवतात. भिंतीवरचं खडूचं वाक्य मात्र ते पुसू देत नाहीत. आमची मूर्ती अजून तेच आखतात, ती एकच.

यंदा मूर्ती आणायला गेलो तेव्हा पट्टी खिशात होती. काढली नाही. डोळे सारखे दिसतात, एवढंच म्हणालो.

"मोजलात?"

"नाही."

मामांनी डाव्या हाताने मूर्तीचा पाट माझ्याकडे सरकवला.

"मगे बरे आसत," म्हणाले.