हात न लावता तपासलेलं पोट

"तिथंच थांब. पायरी चढू नको."

उमरीचे डाक्टर ओसरीवर खुर्चीत. खाली उन्हात माझा बा उभा, त्याच्या मागं मी. आम्ही महारवाड्यातले, म्हणून आमची तपासणी अंगणात. डाक्टर वरून म्हणायचे, "पोट दाब." बा आपलं पोट आपणच दाबायचा.

"दुखतं का?"

"हाव मालक."

"जोरात दाब."

बा जोरात दाबायचा. दुखण्यानं वाकायचा. झाली तपासणी. गडी वरून पुडी टाकायचा, बा उपरण्यात झेलायचा अन् हात जोडायचा. त्या हात जोडण्याचा मला लई राग यायचा.

निजामाचं राज्य होतं. डाक्टर आमच्याच गावचे, आमच्याच भाषेतले. वर्षभर हेच चाललं. बाचं दोन घासांत पोट भरायचं. पुढं पुढं भाकर बघितली तरी मळमळायचं. धोतर कमरेला ठरंना. डाक्टर शिकलेले, त्यांना कळत असंल, एवढीच आमची अक्कल.

एक दिवस बाचं अंग पुसताना माझ्या बोटाला गाठ लागली. मानेखाली डावीकडं, हाडाच्या वरच्या खळगीत. बोराएवढी, कडक. दुखत नव्हती. पुन्हा अंगणात गेलो तवा मीच बोलले.

"सायेब, गाठ आलीय. एक बार हात लावून बघा."

डाक्टर चिडले न्हाईत. साध्या आवाजात म्हणाले, "याला हात लावून मी परत आंघोळ करू? मेलेली ढोरं वाहता तुम्ही. दांड्याचा घट्टा असंल तो."

बानं मलाच दटावलं. "गप गं. मालकाला शिकवती का?"

मी बाला आगगाडीत घालून नांदेडला नेलं. सरकारी दवाखान्यात मुसलमान डाक्टर होते. त्यांनी बाला बाकावर बसवलं अन् पहिलं बोट त्या खळगीतच घातलं. बा अंग चोरून मागं सरकला. "सायेब, मी महार हाय."

"तो क्या हुआ? सीधे बैठो बाबा."

बा ताठ बसला. त्याचे डोळे भरून आले. मग डाक्टरांनी पोट दाबलं, सगळीकडून, सावकाश.

मला बाहेर बोलावून त्यांनी समजावून सांगितलं. पोटात कर्करोग हाय. अंगात रक्ताच्या नळ्या असतात, तशा आणखी बारीक नळ्या असतात. त्यांतून पाण्यासारखा रस वाहतो. वाटेत गाठी असतात, त्या रसातली घाण अडवतात. पोटातला रोग त्या रसात उतरला. आधी पोटाजवळच्या गाठींत बसला. तिथून छातीतल्या मोठ्या नळीनं वर चढत डाव्या गळ्यापाशी आला. तो रस तिथंच रक्ताला मिळतो. गाठ इथं दिसली, म्हंजे रोग पोटापुरता राहिलेला न्हाई.

"आधी आणलं असतं तर?" मी विचारलं.

"तेव्हा हैदराबादला पाठवलं असतं. पोट चिरून बघता आलं असतं. वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण बघता आलं असतं."

बघता आलं असतं. वर्षभर आम्ही त्याच अंगणात होतो की! रोग पोटातून गळ्यापर्यंत चढला अन् डाक्टर ओसरीच्या पायऱ्या उतरले न्हाईत.

बा गेला. घरात अजून सुतक होतं, तवाच डाक्टरांचा गडी आला. "मालकाची म्हैस मेली. ओढून न्या."

माझा भाऊ सवयीनं उठला, दांडा घेतला. मी दारात आडवी बसले.

"सांग त्यांना, कुणी येणार न्हाई."

"गाव उपाशी मारंल," गडी म्हणाला.

"मारू दे."

म्हैस त्यांच्या गोठ्यात फुगली. वास अख्ख्या गल्लीत गेला. गावानं आमचं बलुतं बंद केलं, विहिरीवर पाणी वाढणं बंद केलं. भाऊ मला शिव्या देऊन राहिला होता, मी ऐकून घेतल्या. दांडा मोडून चुलीत घातला अन् त्यावर भाकरी भाजल्या. आमच्या जित्या माणसाला जे हात लावत न्हाईत, त्यांच्या मेलेल्या ढोराला माझ्या घरातला एक हात लागणार न्हाई. मी हाय तोवर न्हाई, माझ्या मागं न्हाई.