लेम्पीनं लाल गाडी बर्फात काढली

आमच्या हौकिलाम्पी गावात लेम्पीला बर्फ शिकवायला कुणी गेलं नाही. आख्खी उमर तिनं टपाल वाटण्यात घातली. बर्फ सारायचं यंत्र फिरायच्या आधी तिची गाडी रस्त्यावर असायची. हात राठ, जीभ त्याहून राठ. कुणी कॉफीला थांबवलं तर उंबऱ्यात उभ्यानंच प्यायची आणि कप हातात देऊन चालायला लागायची.

नवरा तैस्तो लाकूड कापायच्या गिरणीत होता. बोलणं असं नाहीच. आमच्यात माणसं कमीच बोलतात, पण तैस्तो आमच्यातही मुका गणला जायचा. त्याला नाद एकच, लाल गाडी. जर्मन बनावटीची, बुटकी, शर्यतीच्या जातीची. इंजिन ढुंगणाशी आणि सामानाची पेटी नाकाशी, असा उलटा कारभार. पेन्शनीत निघाल्यावर त्यानं ती मोडक्या हालतीत आणली आणि कोठारात बोल्ट न् बोल्ट सुटा करून परत बांधली. मे महिन्यात बाहेर काढायची, सप्टेंबरात लाकडी ठोकळ्यांवर चढवून वर चादर घालायची. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून मोठ्या रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ लोखंडाला वाळवीसारखं खातं. त्या मिठाला गाडीचं चाक लागू द्यायचं नाही, हा त्याचा धर्म.

ऑगस्टात त्याच्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्याच्या गाडीत घालताना त्याला अजून वाचा होती. म्हणाला, "लेम्पे, लाल गाडी बर्फात काढू नको."

"न्हाई काढत. गप पड," ती म्हणाली.

दवाखान्यात पोचेस्तवर वाचा गेली. पुढं त्याला पलीकडच्या मोठ्या गावात, म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात ठेवला. तिथल्या पोरी कामाला चांगल्या, पण त्यांना दहा तोंडं भरवायची. तैस्तो दात आवळून बसायचा. लेम्पी दुपारी जायची, चमचा ओठाला लावायची आणि बसायची. बसायची म्हणजे बसायचीच. मग कधीतरी घास आत जायचा. तिथली एक पोर स्पष्टच बोलली, "लेम्पी, तू आली न्हाईस त्या दिवशी तो काहीच खात न्हाई. असं चाललं तर टिकायचा न्हाई."

आणि नोव्हेंबरात तिची जुनी गाडी तपासणीत नापास झाली. तळच कुजून गेलेला, पाय घातला असता तर रस्त्याला लागला असता. बस तर कधीच बंद पडलेली. मी तिचा शेजारी; म्हणालो, मी नेतो.

"आज नेशील, उद्या नेशील. परवा तुझी गाय व्यायला आली म्हंजी तैस्तोनं काय खायाचं?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझ्याच ट्रॉलीवर लाल गाडी चढवून आम्ही तेउवोच्या गॅरेजात नेली. तिथं शेकोटीपाशी म्हातारा इल्मारी कायमचा बसलेला. गाडी बघून म्हणाला, "लेम्पे, हिच्यात बसताना बूट भाईर काढायचं का गं?"

"तुझं मोजं बघितल्यात म्या. तू बूट घालूनच बस."

तेउवो हसला नाही. चादर उचलून त्यानं चाकांभोवती एक चक्कर मारली. "तैस्तोला ठाव हाय?"

"न्हाई."

"बर्फात काढली की ही आतनं कुजनार, लेम्पी. मी टायर बसवतो, पर हे सांगितलं न्हाई असं म्हनू नको."

"एक कुजलंच पायजे ना, तेउवो. गाडी न्हाईतर तो."

मग तेउवो कामाला लागला. मूळची चाकं रुंद, उन्हाळी. रुंद टायर बर्फावर होडीसारखा तरंगतो. अरुंद पाहिजे, म्हणजे तो भुसभुशीत बर्फ कापून खालच्या कडक थराला दात लावतो. भंगारातून त्यानं लहान चाकं आणली, तर ती ब्रेकला घासायला लागली. ती काढली, दुसरी आणली. ती बसली. त्यांच्यावर खिळ्यांचे नवे टायर चढवले. चिमटीएवढे पोलादी खिळे, बर्फात रुतणारे.

"पैल्यांदा हळू चालव," तेउवो म्हणाला. "खिळं बसू देत जाग्यावर. नवी कवळी घालून कुनी राय धान्याची सुकी रोटी चावत न्हाई."

आता आमच्याकडची एक रीत. ज्या गाडीला मागची चाकं ओढतात, तिच्या मागच्या बाजूला हिवाळाभर वाळूची पोती ठेवायची. वजन पडलं की चाकं धरतात. बापजाद्यांपासून हेच. लेम्पीची टपालाची पहिली गाडी तशीच होती. हात आपोआप चालतात. पुढच्या शिटांमागं नावाला बैठक होती, तिच्यावर तिनं दोन पोती रचली. तेउवोनंच ती उचलून दिली. इल्मारीनं मान डोलावली. इंजिनाचं सगळं ओझं आधीच मागं आहे, हे आम्हा चौघांत एकालाही सुचलं नाही.

ती निघाली. मी मागनं ट्रॅक्टर घेऊन लाकडं आणायला चाललो होतो. तळ्याकाठच्या वळणावर बघतो तर रस्त्याच्या कडेच्या बर्फाच्या बांधात लाल गाडी नाक खुपसून बसलेली. लेम्पी बाहेर उभी, टोपीवर बर्फ.

"चाकं वळवली," ती म्हणाली, "चाकं वळली बी. गाडी सरळच गेली. नाकाला वजनच न्हाई हिच्या." मग मागच्या पोत्यांकडं बघितलं आणि स्वतःला अशी एक शिवी घातली, की ती इथं लिहिता यायची नाही.

साखळी लावून मी गाडी ओढली. पोती मागनं काढून पुढच्या पेटीत टाकली. दुपार कलायला लागलेली. ती आत बसली, पण किल्ली फिरवेना. मी ट्रॅक्टर जवळच्या वाडीत लावला आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. ह्या खेपेला वळणावर नाक वळलं. पुढं मोठ्या रस्त्याला लागलो आणि खालनं मिठाचं पाणी सरसर पत्र्यावर उडायला लागलं. लेम्पीनं गाडी तशीच पुढं हाकली.

तैस्तोची खाट खिडकीशी होती. गाडी अंगणात शिरली तेव्हाच त्यानं आवाज ओळखला असणार, कारण आम्ही खोलीत गेलो तर तो खिडकीकडं तोंड करून होता. खाली लाल गाडी उभी, दाराच्या निम्म्यापर्यंत राखाडी मिठानं माखलेली. त्यानं लेम्पीकडं बघितलं. मग मान वळवली, भिंतीकडं.

लेम्पीनं कोट काढला. माशाचं सूप गरम करून आणलं, रोटी त्यात कुस्करली, खुर्ची भिंतीच्या बाजूला ओढली. चमचा ओठाला लावला. दात आवळलेले.

"बघितलंस न्हवं? बरं झालं," ती म्हणाली. "शब्द दिला व्हता, मोडला. उद्या बी मोडनार, परवा बी. तुला चिडायचं तर चीड. पर चिडायला बी अंगात जोर लागतो. तोंड उघड."

सूप गार झालं. ती उठून परत गरम करून आली. परत चमचा ओठाशी. बाहेर अंधारायला आलं होतं, आमच्याकडं त्या दिवसांत दुपारीच अंधारतं. तैस्तोच्या जबड्याची शीर उडत होती. मग डोळे भिंतीवर तसेच ठेवून त्यानं तोंड उघडलं.

वाटी तळापर्यंत गेली.

हिवाळाभर असंच चाललं. गाडी रोज आली, त्यानं रोज मान फिरवली, आणि रोज जेवला. वसंतात तळ्यावरचा बर्फ काळा पडायला लागला तेव्हा तो गेला. तोवर दाराखालच्या पत्र्याला भोकं पडली होती.

दफनानंतरच्या कॉफीला इल्मारी लेम्पीच्या शेजारी सरकला. त्याला जिथं गप्प बसावं तिथं बसवत नाही. "त्यानं तुला शेवटपातूर माफ केलं न्हाई म्हनं?"

"न्हाई केलं," लेम्पी म्हणाली. ह्या खेपेला ती बसून पीत होती. "पर उपाशी न्हाई गेला."